गोव्यातल्या घरात चूल : आच कुठे न्यायची, कुठे नाही

फोंडा तालुक्यातल्या जुन्या कौलारू घरात आम्ही राहायला आलो तो मे महिना होता. हौसेने चूल पेटवली आणि अर्ध्या तासात सगळे अंगणात. डोळ्यांना धारा, भिंतीला हात लावावा तर चटका, आणि भात अजून कच्चाच. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून बघत होत्या. न बोलावता आत आल्या, चुलीत मी कोंबलेल्या पाच लाकडांपैकी तीन बाहेर ओढून राखेत टेकवली, उरलेली दोन चार बोटं मागे घेतली आणि म्हणाल्या, "लांकूड फाटीं ओड रे. उजो आयदनाक जाय, तुका न्हय." म्हणजे, विस्तव भांड्याला हवा, तुला नव्हे.

घाटावरून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आमच्याकडे थंडीत चुलीपुढे बसणं हेच एक सुख असतं. गोव्याच्या किनारपट्टीत जानेवारीतली रात्रसुद्धा विशीच्या आसपास असते आणि दुपारचा पारा बारा महिने तिशीच्या आगेमागे. इथे घर ऊबदार करायचं नसतंच. चुलीच्या आचेला इथे तीन कामं: भांडं, आंघोळीचं पाणी, आणि जून ते सप्टेंबर घरातला दमटपणा हटवणं. या तीन ठिकाणी न जाणारी आच घराबाहेर कशी काढायची, एवढंच शिकायचं आहे. ज्यांनी नुकतंच इथे घर घेतलंय किंवा भाड्याने राहतायत आणि मागच्या खोलीतली चूल खुणावतेय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. (काही जण दिवाणखान्यात बसवायला काच लावलेली विलायती बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, घेऊन येतात. खाऱ्या हवेत ती गंजते आणि पेटवायचा मुहूर्त काही येत नाही. एका घरात तिच्यावर मनीप्लांट ठेवलेला पाहिला.)

आधी वर बघा

चूल पेटवण्याच्या आधी मान वर करून छप्पर बघा. गोव्यातल्या बहुतेक जुन्या स्वयंपाकघरांना धुराडं नसायचंच. मंगलोरी कौलं एकावर एक टेकलेली असतात, चिकटवलेली नसतात. त्यांच्या फटींतून धूर आणि ऊन हवा झिरपत बाहेर जायची. जाता जाता वासे-रिपांवर काजळीचा थर बसायचा आणि त्यामुळे लाकडाला भुंगा कमी लागायचा. चूल बंद पडलेल्या घरात पाच-दहा वर्षांत वासे पोखरलेले दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे.

आता नवा मालक काय करतो? उंदीर-धूळ नको म्हणून खालून फॉल्स सीलिंग मारतो, किंवा गळती थांबावी म्हणून कौलांखाली पत्रा नाहीतर प्लास्टिकचा कागद घालतो. मी हेच केलं होतं. छप्पर गळायचं थांबलं आणि धुराचा रस्ताही बंद झाला. पहिल्या दिवशी आम्हाला अंगणात काढलं ते त्या सीलिंगने.

तुमच्या स्वयंपाकघरात असं काही असेल तर चुलीच्या वरचा किमान एक-दीड मीटर लांबी-रुंदीचा भाग मोकळा करा. तिथे हवेची कौलं बसवा. मंगलोरी आकारातच मध्ये फुगवटा आणि त्याखाली भोक असलेलं कौल मिळतं, पाऊस आत येत नाही. चुलीच्या बरोबर वर दोन आणि आढ्याजवळ दोन. उजेडासाठी एखादं काचेचं कौलही लावून घ्या, धूर किती साचतोय ते उन्हाच्या तिरपेत लगेच दिसतं.

हे जमणार नसेल तर धुराड्याला पर्याय नाही. पाइप साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचा, शक्यतो सरळ; वाकवायचाच झाला तर ४५ अंशात, काटकोनात नको. चुलीजवळचा पहिला भाग साध्या जाड पोलादी किंवा स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचा घ्या. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप स्वस्त पडतो, पण तो खूप तापला की त्यातून निघणारा धूर छातीला वाईट. जुन्या घराच्या मागे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप पडलेले असतात. ते कापू नका, भोकं पाडू नका. उघडा पाइप कुठल्याही लाकडापासून ४५ सेंटिमीटर लांब हवा. छपरातून बाहेर पडल्यावर त्याचं टोक किमान ९० सेंटिमीटर वर, आणि आजूबाजूच्या ३ मीटरमधल्या कशाहीपेक्षा, आढं धरून, ६० सेंटिमीटर उंच. यापेक्षा बुटका ठेवला तर वारा आढ्यावरून उडी मारून धूर परत खाली ढकलतो. वर टोपी हवीच, नाहीतर पहिल्या पावसात चुलीत तळं.

आणखी एक, जे थंड प्रदेशातल्या पुस्तकांत सापडत नाही. धुराडं ओढतं ते आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर. गोव्यात बाहेरच ३२ अंश असताना थंड पाइप ओढायला तयारच होत नाही आणि पहिली पाच मिनिटं सगळा धूर घरात येतो. म्हणून चूल पेटवण्याआधी एक सुकी चुडती (माडाची झावळी) किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी पेटवून पाइपच्या तोंडाशी धरा. पाइप आतून तापला की 'हुंss' असा बारीक आवाज येतो. मग चुलीला हात घाला.

कोणत्या भिंतीला, कोणत्या तोंडाने

इथली भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, फूट-दीड फूट जाड. ती हळू तापते आणि हळू निवते. सकाळी दोन तास चूल चालली तर तिच्यामागची भिंत दुपारीही कोमट असते. या भिंतीपलीकडे झोपायची खोली असेल तर मे महिन्यातली रात्र तुम्हाला कळून येईल. चूल नेहमी बाहेरच्या भिंतीला हवी, म्हणजे पलीकडे परस किंवा पडवी येईल अशी. जुन्या लोकांनी स्वयंपाकघर मागे, थोड्या खालच्या छपराचं काढलं त्यात हा हिशेब होताच.

जागा बदलता येत नसेल तर चूल आणि भिंत यांमध्ये पत्र्याचा आडोसा उभा करा. पत्रा भिंतीला टेकवायचा नाही. अडीच-तीन सेंटिमीटर पोकळी ठेवायची आणि खालून-वरून ती उघडी ठेवायची, म्हणजे मागून हवा वर जात राहते आणि भिंतीपर्यंत आच पोचत नाही.

तोंडाचं बघताना पाऊस आठवा. पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येचा. चुलीचं तोंड त्या बाजूच्या दारासमोर आलं तर जुलैत एका झोतासरशी झाळ बाहेर येते, तुमच्या अंगावर. उन्हाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून वाहतो आणि दिवस चढला की समुद्राकडून. म्हणून मे महिन्यात चुलीचं काम सकाळी नवाच्या आत उरका, पूर्वेचं दार आणि पश्चिमेची खिडकी दोन्ही उघडी ठेवा. त्यानंतर चूल लावायचीच तर पडवीतली, बाहेरची. बहुतेक घरांत ती असते. नसेल तर तीन चिरे मांडले की झाली.

चूल घडवताना

तयार मातीची चूल बाजारात मिळते आणि सुरुवातीला तीच घ्या असं मी म्हणेन. स्वतः घडवायची हौस असेल तर माती महत्त्वाची. इथे जुने लोक रोयणीची, म्हणजे वारुळाची माती पसंत करतात. वाळवीने ती इतकी बारीक मळलेली असते की भेगा कमी जातात. पण कुदळ घेऊन निघू नका. गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. गावातलं कोणतं वारूळ देवीचं आणि कोणतं नुसतं वाळवीचं, हे बाहेरून आलेल्याला कळत नाही. शेजाऱ्यांना विचारा, तेच दाखवतील कुठून घ्यायची ती.

मातीत भाताचा कोंडा किंवा बारीक चिरलेलं गवत आणि शेण मिसळून दोन दिवस भिजत ठेवा. सिमेंट घालू नका. रोजच्या आचेने ते ठिसूळ होऊन पापुद्रे सुटतात. नदीतले गोल गुळगुळीत धोंडेही नकोत. त्यांच्या पोटात पाणी मुरलेलं असतं, वाफ झाली की दगड फुटतो आणि ठिकऱ्या उडतात. चिरा चालतो, पण पावसात भिजलेला असेल तर आठवडाभर सावलीत वाळवून मगच.

मापात एकच गोष्ट जपा: भांड्याचं बूड आणि चुलीचा काठ यांमधली फट. ज्या तीन उंचवट्यांवर भांडं बसतं, ते बोटाच्या एका पेरापेक्षा, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत. फट मोठी झाली की झाळ भांड्याला न लागता कडेने वर निघून जाते, आणि ती गेलेली सगळी आच तुमच्या स्वयंपाकघराला. फार कमी ठेवली तर कोंडून धूर होतो. आपल्या रोजच्या टोपाला धरूनच उंचवटे बसवा, ओली माती असतानाच टोप ठेवून बघा. शक्य असेल तर बाजूला वैल, म्हणजे जोडचूल, काढून घ्या. मुख्य तोंडावरून सुटलेली आच तिकडे वळते आणि कालवण फुकटात गरम राहतं.

नवी चूल निदान पंधरा दिवस सावलीत वाळू द्या. पहिल्या दिवशी फक्त मूठभर काटक्या, दुसऱ्या दिवशी थोड्या जास्त. घाई केली की तडा तोंडाजवळच जातो, आणि तिथला तडा लिंपून टिकत नाही.

सरपण : अर्धं काम इथेच होतं

तक्रार चुलीची असते, दोष लाकडाचा असतो. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते चुलीत घातलं की आधी त्या पाण्याची वाफ व्हायला लागते आणि विस्तवाची ताकद त्यातच जाते. चांगल्या सुकलेल्या एक किलो लाकडातून साधारण १५ मेगाज्यूल उष्णता निघते, ओल्यातून जेमतेम ८. शिवाय ओलं लाकूड पुरतं पेटत नाही, अर्धवट जळालेला धूर सोडत राहतं आणि तोच डोळ्यांना झोंबतो, धुराड्यात डांबरासारखा चिकटतो.

सुकलंय की नाही हे ओळखायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा. सुकं लाकूड टणकन वाजतं, ओलं थप्प करतं. टोकांना चाकाच्या आऱ्यांसारख्या भेगा दिसतात, साल नखाने सुटते. विश्वास बसत नसेल तर एका तुकड्यावर खूण करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करा. सलग दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही की ढीग तयार.

आता गोव्याची गोम. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की छपराखाली ठेवलेलं सुकं लाकूडही पाणी शोषतं. वजनाच्या १८ ते २० टक्क्यांपर्यंत सहज जातं आणि कितीही झाकलं तरी त्याखाली येत नाही. म्हणून लाकूड फोडायचं ते डिसेंबर-जानेवारीत, चारेक महिने ऊन खाऊ द्यायचं आणि मिरगाच्या आधी खोपीत रचायचं. जमिनीला टेकवू नका, खाली दोन माडाचे ओंडके आडवे टाका. नाहीतर वाळवी तुमच्या आधी सरपण संपवते. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. आणि ढिगात हात घालताना आधी काठीने वाजवा. फुरसं आणि विंचू दोघांनाही ही जागा फार आवडते.

जुलै-ऑगस्टमध्ये उद्याचं सरपण आज संध्याकाळी चुलीपासून हातभर लांब उभं करून ठेवा. उरलेल्या धगीत रात्रभरात ते कडकडीत होतं. चुलीवर किंवा तोंडाला टेकवून ठेवायचं मात्र नाही.

कोणतं लाकूड काय करतं हे एकदा कळलं की आच हातात येते. करवंटी चटकन पेटते आणि कडक झाळ देते. पाणी उकळायला छान, दूध तापवायला घातक. सोडणं, म्हणजे नारळाची सालं, धुमसत राहतात, विस्तव धरून ठेवायला उत्तम. सुक्या चुडत्या फक्त पेटवण्यापुरत्या. भपकन पेटतात आणि संपतात. आंब्याचं लाकूड हलकं, भराभर जळतं. ऐन (इथला माट्टी) आणि किंजळ (इथे किंदळ) ही जड लाकडं. पेटायला कटकट, पण निखारा दोन-दोन तास टिकतो. सुरू आणि सगळीकडे लावलेला अकेशियाही त्याच पंगतीतले, आणि विकत मिळणाऱ्या मोळीत हल्ली बहुधा अकेशियाच असतो.

न जाळण्याची यादी छोटी आहे, पण पाठ करा. कण्हेर आणि काजरा विषारी. बिब्याचा धूर अंगावर उठतो. काजूच्या बियांची टरफलं तर अजिबात नकोत. त्यांतलं तेल कातडी सोलवटतं आणि त्याचा धूर घशात बसतो. काजू भाजायचं काम इथे लोक उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करतात ते त्याचसाठी. बांबू जाळायचाच तर फोडून, कारण बंद पेरातली हवा तापून फटाक्यासारखी फुटते. रंग दिलेली फळकुटं, प्लायवूड आणि प्लास्टिक चुलीचं खाद्य नव्हे.

परसातलं झाड आपलंच म्हणून कुऱ्हाड चालवू नका. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे आणि झाड तोडायला वन खात्याची परवानगी लागते. २०१६ मध्ये या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून माडालाच वगळलं होतं, त्यावर गावोगाव ओरड झाली आणि पुढे माड परत झाड झाला. सरपणाला मात्र वादळात मोडलेल्या फांद्या, वाळकी चुडतं आणि करवंट्या यांवर एका कुटुंबाचं निम्मं तरी भागतं.

पेटवणं आणि आच सांभाळणं

कालची राख सगळी उपसू नका. तळाला दोन-तीन सेंटिमीटरचा थर राहू द्या. खाली जाणारी आच तो अडवतो. मध्ये मूठभर चुडत्या, त्यांवर बोटाएवढ्या काटक्या आडव्या-उभ्या, हवा खेळेल अशा. त्या धडधडल्या की मनगटाएवढी दोन लाकडं, टोकं आत आणि शेपट्या बाहेर. तिसरं तेव्हाच, जेव्हा पहिली दोन अर्धी होतील.

नवखा माणूस इथे हमखास चुकतो. आच कमी पडली की तो लाकूड वाढवतो, जास्त झाली की पाणी शिंपडतो. दोन्ही नको. चुलीत जळतं फक्त लाकडाचं टोक. लाकूड आत सरकवलं की आच वाढते, मागे ओढलं की उतरते; गॅसच्या बटणासारखंच, फक्त बटण दोन फूट लांब आहे. काजूच्या हंगामात एखाद्या काजूच्या दारूच्या भट्टीवर तासभर बसून बघा. भट्टीवाला भाणाखाली, म्हणजे मोठ्या हंड्याखाली, एकच जाडजूड ओंडका ठेवतो आणि रस उसळेल असं वाटलं की पायाने तो चार बोटं मागे रेटतो. मोठी आग लागली तर रस उतू जाऊन पुढच्या भांड्यात शिरतो आणि सगळी दारू नासते, म्हणून त्याचं लक्ष ओंडक्यावरून हटत नाही.

दुसरं बटण हवेचं. तोंडावर एक कौल अर्धं आडवं उभं केलं की आत जाणारी हवा कमी होते आणि झाळ बसते. पूर्ण बंद मात्र करू नका, धुमसायला लागतं. फुंकणी दोनदाच, लांब आणि हळू. जोरात फुंकलं की राख उडून कालवणात.

आमच्या घरी सकाळचा क्रम असा बसला आहे. कडक झाळेवर आधी उकड्या तांदळाची पेज, कारण तिलाच सगळ्यात वेळ लागतो. झाकण ठेवून उकळी आली की लाकडं मागे ओढायची. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, खाली कितीही जाळ घातलात तरी पेज लवकर होत नाही, फक्त उतू जाते आणि स्वयंपाकघर तापतं. पेज वैलावर सरकते, तिच्या जागी मातीच्या बुडकुल्यात हुमण, म्हणजे माशांचं कालवण. त्याला लाकूड लागतच नाही, नुसते निखारे पुरतात. मातीचं भांडं उतरवल्यावरही पाच-सात मिनिटं आतल्या आत रटरटत असतं, म्हणून मासे शिजायच्या जरा आधीच उतरवायचं. डिचोलीकडची मातीची भांडी यासाठी चांगली. भांड्याच्या बुडाला आधी ओल्या राखेचा हात फिरवला तर घासताना काजळी राखेसकट निघून येते.

आणि एकदा पेटवली की सगळं एका दमात करा. मातीची चूल स्वतः तापायलाच पाव-अर्धा तास घेते. दिवसातून चार वेळा पेटवाल तर चार वेळा आधी चुलीलाच सरपण खाऊ घालाल. पोदेर (पाववाला) पहाटेच फोर्न, म्हणजे पावाची भट्टी, तापवून घेतो, निखारे बाजूला सारतो आणि मग त्या साठलेल्या धगीवर घाणा मागून घाणा काढतो. तसंच.

काम संपलं की विझवायला पाणी ओतू नका. तापलेली माती तडकते, आणि वाफेसकट उडालेली गरम राख तोंडावर येते. लाकडं बाहेर ओढून राखेत खुपसा. संध्याकाळी पुन्हा विस्तव हवा असेल तर निखारे गोळा करून त्यांवर राखेचा जाड थर ओढा. चांगल्या किंजळीचा निखारा असा सात-आठ तास जिवंत राहतो, वरची राख बाजूला केली की लालभडक.

भाण : उरलेल्या आचेचं घर

न्हाणीतलं तांब्याचं भाण शोभेची वस्तू म्हणून दिवाणखान्यात नेलं असेल तर परत आणा. हिशेब बघा. दोघांच्या आंघोळीला ३० लिटर पाणी, २६ अंशांवरून ४० अंशांपर्यंत. त्याला लागतात साधारण १,७६० किलोज्यूल, म्हणजे सुक्या लाकडाचे जेमतेम १२० ग्रॅम. प्रत्यक्षात उघड्या चुलीतली आच सात-आठ वाट्यांपैकी एकच भांड्यात जाते, म्हणून किलोभर लाकूड जळतं. बाकीचे सहा-सात वाटे तुमच्या घरात. भाण स्वयंपाकाच्या चुलीला लागून असेल किंवा तिच्या धुराच्या वाटेवर बसवलं असेल, तर त्यांतला एखादा वाटा पाण्यात अडतो. सकाळी स्वयंपाक उरकला की निखारे फावड्याने भाणाखाली सारले तरी एका माणसाचं पाणी होतं. तोंडावर झाकण हवंच. आणि भाण कधी रिकामं तापू देऊ नका. तांबं मऊ पडतं आणि बुडाचा सांधा सुटतो.

पावसाळ्यात हीच आच मित्र

जूनपासून चित्र उलटतं. पणजीला वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. मीठ पाझरतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मेमध्ये आपण जी धग हाकलत होतो तिला आता वर, माळ्यावर पाठवायचं. पुरुमेंताचा माल, म्हणजे मेमध्ये भरून ठेवलेली सुकी मासळी, सोलं, मिरच्या, कांद्याच्या माळा, पूर्वी चुलीच्या वरच राहायचा. चुलीपासून दीड-दोन मीटर उंचीवर बांबूची तट्टी किंवा शिंकं टांगा. हात वर करून बघा: ऊन लागलं पाहिजे, चटका नको. बियाणं असेल तर आणखी लांब.

कपड्यांचं मात्र जपून. माझा एक पंचा चुलीवरच्या दोरीवरून घसरून थेट निखाऱ्यात पडला होता. मी न्हाणीत होतो, वास आला म्हणून कळलं. दोरी चुलीच्या वर बांधायचीच नाही. बाजूला, किमान मीटरभर लांब, आणि कोणी लक्ष ठेवायला असेल तेव्हाच.

जिवावरचं

पावसात दारं-खिडक्या लावून आत चूल किंवा निखाऱ्यांची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली असं समजू नका; धुरापेक्षा निखारेच जास्त फसवे. घरात दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर सगळ्यांना आधी बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा. निखारे असलेल्या खोलीत झोपायचं नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो घ्या.

गॅसचा सिलिंडर चुलीच्या खोलीत नको. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीवरून सरपटत जातो, आणि चूल जमिनीवरच असते. सिलिंडर पडवीत, पण तिथल्या चुलीपासून लांब ठेवून पाइप आत घेणं बरं.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही. चुलीशी बसताना नायलॉनची ओढणी किंवा गाऊन नको, सुती कपडा आणि पदर खोचलेला. लहान मूल असेल तर चुलीभोवती मीटरभराची रेघ आखा, आणि ती त्याच्याआधी घरातल्या मोठ्यांनी पाळायला शिका.

राख आणि साफसफाई

काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, अंगणात, दोन दिवस. प्लास्टिकच्या बादलीत किंवा सुक्या पानांच्या ढिगावर ओतलीत तर पोटातला एखादा निखारा वारा लागताच जागा होतो. निवलेली राख माडाच्या आळ्यात घाला. इथली तांबडी माती आंबट, राखेने तिला उतार मिळतो आणि माडाला पालाश. दर झाडाला दोन-तीन ओंजळी पुरे, बुंध्यापासून हात-दीड हात लांब.

चूल आठवड्यातून एकदा शेण-मातीने सारवा, बारीक भेगा त्यातच बुजतात. धुराडं वर्षातून दोनदा: मे महिन्याच्या शेवटी, आणि पाऊस सरल्यावर दसऱ्याच्या आसपास. काथ्याचा बोळा दोरीला बांधून वरून खाली ओढायचा, खाली गोणपाट धरायला एक माणूस. काजळी चकचकीत, डांबरासारखी निघाली तर लाकूड ओलं होतं असं समजा. मऊ, भुरभुरीत असेल तर लाकूड बरोबर आहे. टोपीच्या आत पक्ष्याचं घरटं आहे का तेही बघा. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे मैनेचं निघालं, पिल्लांसकट. तो महिनाभर आम्ही पडवीतल्या तीन चिऱ्यांवर रांधलं.